रिकामा रकाना चालत नाही

भात निसवून, लोंब्या बाहेर पडून दाण्यात दूध भरू लागलं की कर्जतहून कडावला जाणाऱ्या रस्त्याला एक वास येतो. कच्च्या दुधासारखा, ओलसर, त्यात थोडा चिखल आणि थोडं गवत मिसळलेला. भाद्रपदाचं ऊन त्यावर पडलं की तो जास्तच उठतो. इथल्या माणसांना तो वास आला की बरं वाटतं, वर्षाचं पोट भरणार असं त्यातून कळतं. मला मात्र त्या वासाबरोबर एका गार खोलीतली हवा आठवते, काचेवरची हिरवी अक्षरं आठवतात आणि धाऊ नामा भोईर आठवतो. चाळीसएक वर्षं झाली असतील. दर वर्षी वाटतं, यंदा नाही आठवणार. आणि मग भात निसवतं.

परवा शेजारची मुलगी तिचा कॉलेजचा फॉर्म भरत माझ्या ओट्यावर बसली होती. मोबाइलवरच. एक जागा तिने सोडून दिली आणि पुढे जायला गेली, तर त्या जागेभोवती तांबडी चौकट उमटली. ती चिडली. "मावशी, हा पुढेच जाऊ देत नाही." मी म्हटलं, "नाहीच जाऊ देत." तिला वाटलं, मला यातलं काय कळतंय.

चौक गावाच्या अलीकडे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून पत्र्याचे डबे बनवणारा एक कारखाना होता. मी तिथे टायपिस्ट होते. कर्जतहून एसटीने जायचं, संध्याकाळी एसटीनेच परत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कुठल्याशा वर्षी तिथे कॉम्प्युटर आला. टायपिंग येत होतं म्हणून मला तीन आठवडे मुंबईला शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर नवी जागा दिली, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम नीट झालं तर कायम. मी अठ्ठावीस वर्षांची होते. वातानुकूलित खोलीत आयुष्यात पहिल्यांदा शिरले, चपला बाहेर काढून. देवळात शिरावं तसं.

मुख्य यंत्र काचेच्या आत असायचं. बाहेर माझ्या टेबलावर नुसता पडदा आणि कळफलक. पडद्यावर रकाने यायचे: नाव, बापाचं नाव, खातं, जन्मतारीख. मी भरायची आणि शेवटची कळ दाबायची. पडदा क्षणभर कोरा व्हायचा, काचेआड काहीतरी घरघरायचं, आणि तेच नाव, तीच तारीख पुन्हा समोर उभी राहायची. मीच लिहिलेलं मलाच परत दाखवलेलं. पण त्या एका क्षणात त्याला काहीतरी होऊन यायचं. जाताना ते माझ्या हातचं असायचं आणि येताना ते कुणाच्याच हातचं नसायचं. माझं अक्षर मी खोडू शकत होते, पण पडद्यावर आलेलं ते खोडायला साहेबाची सही लागायची.

आणि एकही जागा रिकामी ठेवता यायची नाही. ठेवली की यंत्र पीं करून ओरडायचं आणि तिथेच अडून बसायचं. ज्याने ते रकाने आखून दिले होते तो मुंबईचा इंजिनिअर भला माणूस होता. मी त्याला विचारलं, "ज्याला तारीख माहीतच नाही त्याचं काय करू?" तो हसून म्हणाला, "रिकामा रकाना चालत नाही. अंदाजे टाका, पण टाका. मागाहून करू दुरुस्त."

कामगार सातशेच्या वर होते. आधी कागदी फॉर्म भरायचे, त्यावर सही नाहीतर अंगठा घ्यायचा, मग ते यंत्रात चढवायचे. लिहिता येणारे थोडेच. बाकीच्यांचे फॉर्म मी कॅन्टीनच्या शेडमध्ये टेबल टाकून भरत होते. बाहेर रस्त्यावर ट्रक, पलीकडे भाताची खाचरं, त्यामागे माथेरानचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला. तारीख माहीत नसेल तर एक जून घालायची, ही युक्ती काही कॉम्प्युटरची नव्हती. ती शाळेतल्या गुरुजींची. पोराला शाळेत घालायला आलेल्या आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे. या मुलखात अर्धी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत.

मी नव्हते. माझी तारीख खरी आहे. आम्ही बौद्ध. घराने धर्म घेतला त्याच्या पुढच्या वर्षी मी जन्मले. बाबा कर्जत स्टेशनात खलाशी होते. त्यांनी माझा वार, तारीख, वेळ एका वहीत शाईने लिहून ठेवली होती. मी शाळेत जाताना ती वही त्यांनी गुरुजींपुढे उघडून धरली. "आपल्या मानसांचा जल्म कुनी लिवलाच नाय," ते मला सांगायचे, "म्हनून मी तुजा लिवला." अशा माणसाची मी मुलगी, आणि मी त्या भाद्रपदात शेडमध्ये बसून तीनशेवर माणसांचे जन्म मनाने लिहिले.

धाऊ भोईर गौरी-गणपती उठल्यावर आला. पत्रे उतरवणाऱ्या टोळीतला. उंचेला, वाळका. डोकं पांढरं झालेलं आणि समोरचे दोन दात नाहीत. खांद्याला पत्र्याने कापल्याच्या जुन्या रेघा.

"नाव?"

"धाऊ."

"पूर्ण सांगा काका."

"धाऊ नामा भोईर."

"जन्मतारीख?"

तो हसला. "तारखेनं कोन जल्मतंय ताई? आमचं भात झोडायला काडलेलं, तवा आयला कला सुरू झाल्या. येवडं ठाव हाय."

"साल कुठलं?"

"ते नाय ठाव."

"मग वय किती असेल?"

"असंल की. तुमीच बगा ना माज्याकडं."

मी बघितलं. मागे रांग होती. माझ्या पुढ्यात आधीच्या माणसाचा भरलेला फॉर्म होता, त्यात मी सत्तावीस साल घातलेलं होतं. हा त्याच्याहून म्हातारा दिसत नव्हता आणि तरुणही दिसत नव्हता. मी लिहिलं, एक जून एकोणीसशे सत्तावीस. शाईचा पॅड पुढे केला. त्याने अंगठा दिला आणि तो विजारीला पुसत म्हणाला, "झालं व्हय? येवडंच?"

एवढंच. चार श्वास घ्यायला लागतात तेवढा वेळ.

दोन दिवसांनी तो माझ्या खोलीच्या दाराशी उभा. आत यायची परवानगी नव्हती, पण दार उघडं होतं. "ताई, त्या काचत आमची नावं दिसत्यात म्हनं. माजं दावा की." त्याचं नाव मी सकाळीच चढवलं होतं. मी ते समोर आणलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. इंग्रजी अक्षरं, हिरवी. मी बोट ठेवून वाचून दाखवलं, हा धाऊ, हा नामा, हा भोईर. तो दारातूनच वाकून बघत राहिला. "बापाचं बी हाय?" म्हणाला. "हाय की," मी म्हटलं. बाप मरून तीस पावसाळे झालेले. त्याचं नाव कुठेतरी उजेडात दिसतंय याचा त्या माणसाला एवढा आनंद झाला की मी तारखेच्या रकान्यावर बोट ठेवायचं विसरले. खरं सांगायचं तर ठेवलं असतं तरी काय झालं असतं? त्याने ऐकून घेतलं असतं आणि मान हलवली असती.

आश्विनात यादी आली. दोन्ही कडांना भोकं असलेल्या रुंद कागदावर यंत्राने ती आपली आपण छापली. ज्यांची निवृत्तीची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यांची. मी तारखा भरत होते तेव्हा अठ्ठावन्न हा आकडा माझ्या मनाच्या आसपासही नव्हता. मला वाटत होतं मी जन्म लिहिते आहे. यंत्र त्यातून नोकरीचा शेवट मोजत बसलं होतं. एकोणीस नावं होती, त्यात धाऊचं. टाइमकीपरने फाटकापाशी उभं राहून ती मोठ्याने वाचली. महिनाअखेर कामावरून कायमची सुट्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाऊ आला तो एकटा नव्हता. सोबत दुसरा माणूस, तसाच उंचेला, जरा भरलेला, दात शाबूत. त्याच कारखान्यात भट्टीवर काम करणारा गोमा नामा भोईर.

"ताई," गोमा म्हणाला, "ह्यो माजा धाकटा भाऊ. कडेवर खेळवलाय मी याला. ह्यो म्हातारा आनि मी तरना, आसं कसं झालं?"

मी दोघांची नावं एकामागून एक काढली. गोमा लहानपणी दोन वर्षं चौकच्या शाळेत गेलेला. तिथे त्याचं साल लागलं होतं एकोणतीस, ते दाखल्यावर होतं आणि दाखल्यावरून पडद्यावर आलं होतं. थोरला भाऊ एकोणतीसचा. धाकटा सत्तावीसचा. एकाच बापाचे. दोन्ही पानं हिरवीगार, व्यवस्थित, एकही खूण नाही, कसलाही आवाज नाही. रकाना रिकामा असता तर यंत्र किंचाळलं असतं. खोट्याला ते किंचाळत नव्हतं. आकडा आकड्याच्या जागी बसलेला होता, त्याला तेवढं पुरे होतं. भाऊ ही गोष्ट त्याला कुणी शिकवलीच नव्हती.

"कुठं चुकलंय?" धाऊने विचारलं.

"माझ्याकडून," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला माझा राग आला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मग खोडा की."

मी कर्णिक साहेबांकडे गेले. ते कामगारांचं सगळं बघत. ओरडणारा माणूस नव्हता. त्यांनी दोन्ही भावांचे कागद समोर घेतले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"दिसतंय मला," ते म्हणाले. "पण बदलायचं कशाच्या आधारावर? जन्माचा दाखला?"

"नाही."

"शाळेचा?"

"शाळेत गेलाच नाही तो."

"मग त्याच्या जन्माचा पुरावा काय आहे आपल्याकडे?" त्यांनी फॉर्म माझ्यासमोर सरकवला. "हा. त्याच्या अंगठ्यासकट."

निळ्या शाईतलं माझं अक्षर. त्या माणसाच्या जन्माबद्दल जगात लिहिलेला एकुलता एक कागद, आणि तो मी लिहिलेला.

"मी लिहून देते साहेब. की तारीख मी अंदाजाने घातली."

त्यांनी हळूच विचारलं, "किती जणांच्या घातल्यात?"

"तीनशेच्या वर."

"आणि अंदाज फक्त याचाच चुकला? मी तुमचा कागद घेतला ना बाई, तर तो फाइलला लागेल. वरचे विचारतील, बाकीच्यांचं काय? सगळ्या एक जूनवाल्यांना कंपनीच्या डॉक्टरपुढे उभं करतील. दात मोजतील, हाडं बघतील. कुणाचं वय वाढेल, कुणाचं घटेल, मला सांगता येत नाही." मग म्हणाले, "आणि तुमचे सहा महिने अजून व्हायचेत. ते मी धमकी म्हणून सांगत नाही. आहे ते सांगतो."

तरी मी कागद लिहिला. घरी, बाबांच्या समोर बसून. बाबा तोवर थकले होते, वाचून दाखव म्हणाले. वाचून झाल्यावर म्हणाले, "दे." एवढाच शब्द. मी तो कागद पिशवीत घातला आणि चार दिवस पिशवीतच नेला-आणला. रोज एसटीत बसताना ठरवायची, आज. चौक यायचं, ट्रकांच्या धुरात उतरायची, आणि आत गेले की काहीतरी काम निघायचं. कुणी मला अडवलं नव्हतं. एवढं आठवतं की पिशवी फार जड वाटायची.

पाचव्या दिवशी युनियनचे पाटील आले. त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. दाराबाहेर बोलावून म्हणाले, "बाई, तुमचा कागद खरा हाय, मला ठाव हाय. पन तो देऊ नका."

"धाऊकाकांचं काय मग?"

"त्याचं वाईट झालं. पन निदान साठ-सत्तर मानसं अशी हायत ज्यांचं वय तुमी कमी लावलंय. साठीची मानसं पन्नाशीची केलीत तुमी. त्यांचा सौंसार चाललाय त्याच्यावर. एकाचं खरं करायला जाल तर सत्तरांचं खोटं उघडं पडंल. मी कुनाच्या बाजूनं उभा ऱ्हावू, तुमीच सांगा."

तीनशे माणसांच्या बाबतीत मी जे लिहिलं ते काहींच्या पथ्यावर पडलं होतं आणि काहींच्या मुळावर आलं होतं, आणि यातलं एकही मी ठरवून केलेलं नव्हतं. एखाद्याने अंधारात मूठभर दाणे फेकावेत तसं झालं होतं. आता ते वेचायला गेलं तर जे रुजले होते ते उपटले जाणार होते.

शेवटी धाऊच आला. सुट्टीच्या दिवशी, कर्जतला, आमच्या घरी. पत्ता विचारत विचारत. सोबत त्याची मुलगी हिरा, निळा स्कर्ट, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. ती आठवीत होती. उशिरा लग्न झालेलं, दोन पोरं गेल्यावर ही झाली आणि जगली, हे सगळं त्याने बाबांना सांगितलं. चहा बशीत ओतून प्याला. मग मला म्हणाला, "ताई, तो कागद देऊ नका."

"तुम्हाला कुणी सांगितलं असं बोलायला?"

"सगल्यांनी." त्याने बशी खाली ठेवली. "आमच्या वाडीतलीच नऊ जना हायत एक जूनची. संध्याकाली घरी येऊन बसली. बोलली काय नाय, नुस्ती बसली. मला त्यांच्यातच ऱ्हायाचं हाय ना."

बाबा भिंतीकडे बघत होते. हिरा दारात उभी राहून आमच्या अंगणातल्या अबोलीच्या झाडाकडे बघत होती. आणि मला, हे लिहायला इतकी वर्षं गेली, मला हायसं वाटलं. एकदम. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण तो मान खाली घालून म्हणाला, "तुमी बी प्वाटासाठीच करता."

महिनाअखेरीला एकोणीस जणांना नारळ आणि शाल मिळाली. धाऊने नारळ घेतला आणि शाल घडी मोडून लगेच डोक्याला गुंडाळली, कारण ऊन होतं. ऑक्टोबरचं ते ऊन, पाऊस गेल्यावरचं, अंगाला चिकटणारं. फाटकाबाहेर खाचरांतून कापणी लागलेली होती. लवकर पिकणारं हळवं भात कापून पडलं होतं, उशिराचं गरवं अजून हिरवट उभं होतं. तो त्या बांधावरून वाडीकडे गेला. गोमा त्या दिवशी भट्टीवर होता, त्याला सुट्टी मिळाली नाही. मी खिडकीतून बघत होते. मग पडद्यावर त्याचं पान आणलं, कारण ते माझं कामच होतं. स्थितीच्या रकान्यात निवृत्तीची खूण घातली, कळ दाबली. पडदा कोरा झाला. पान परत आलं. नाव होतं, बापाचं नाव होतं, तारीख होती.

दिवाळीनंतर हिरा शाळेत गेली नाही. ती माथेरानला एका हॉटेलात चादरी धुवायला लागली, गोमाकडूनच कळलं. पायवाटेने डोंगर चढून जायची आणि पंधरा दिवसांनी उतरायची. "शिकनार व्हती," गोमा म्हणाला, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. मी तेव्हा कायम झालेली होते.

मला कधी कधी वाटतं, मी तो कागद दिला असता तर काय झालं असतं हे मला कळायला हवं होतं. कदाचित काहीच नाही. कदाचित सत्तर घरं माझ्या नावाने बोटं मोडत बसली असती आणि धाऊ तरीही घरीच बसला असता. न केलेल्या गोष्टीचा निकाल लागत नाही. तोही एक रिकामा रकानाच, पण तो रिकामा चालतो. तो तसाच ठेवून माणूस पुढे जातो, नोकरी करतो, निवृत्त होतो, ओट्यावर बसतो.

पुढच्या उन्हाळ्यात धाऊ पुन्हा कारखान्यात आला. त्याच्या फंडाचं काहीतरी अडलं होतं, एक फॉर्म नव्याने भरून द्यायचा होता. कारकुनाने त्याला माझ्याकडे पाठवलं. आणखी वाळला होता, पण कपडे धुतलेले, दाढी केलेली. मी खुर्ची दिली. तो पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीत बसला.

नाव मी विचारलं नाही, लिहिलं. बापाचंही लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. हा नवा फॉर्म होता. कोरा. दुसऱ्या कचेरीत जाणारा. इथे कुणी आडवं येणार नव्हतं, सत्तर माणसांचा इथे संबंध नव्हता, आणि माझे सहा महिनेही केव्हाच संपले होते. मला वाटलं, या एका कागदावर तरी.

"जन्मतारीख, काका?"

"एक जून एकोनीसशे सत्तावीस," तो म्हणाला. धडाधड, शाळेतल्या मुलाने पाढा म्हणावा तसं.

मी पेन खाली ठेवलं. "खरी सांगा. तुमची खरी. ही वेगळी लिहिली तरी चालेल इथे. भात झोडताना म्हणाला होतात ना? गोमाकाकांचं साल एकोणतीस, म्हणजे आपण एकतीस सालचा डिसेंबर लिहू."

तो चपापला. मग त्याला राग आला. मागच्या वर्षी एकदाही आला नव्हता तो, आता आला.

"नाय," तो म्हणाला. "धा कचेऱ्या झाल्या माज्या. बँक झाली, तलाठी झाला, सगलीकडं सत्तावीसच सांगून आलोय. आता कुटं जुळलंय. तुमी पुना हात लावू नका, ताई."

मी सत्तावीस लिहिलं. त्याने वाकून आकडे तपासले. सत्तावीस एवढे दोन आकडे त्याला आता वाचता येत होते. मग त्याने अंगठा पुढे केला.